गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय? आधी चार्जर उलटा करून वाचा

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेत. दोघांच्या पाटीवर आरटीएक्स 4060 हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र बनवणारा भाग), दोघांत 16 जीबी रॅम, किमतीत पाच-सात हजारांचा फरक. स्वस्तातला उचलावासा वाटणं साहजिक आहे. पण पैसे काढण्याआधी दोघांचे चार्जर मागून घ्या आणि त्या काळ्या विटा उलट्या करा. बारीक अक्षरांत 'आउटपुट' असं लिहिलेलं असतं. एकावर 20 व्होल्ट, 7.5 ॲम्पिअर. दुसऱ्यावर 20 व्होल्ट, 11.5 ॲम्पिअर. गुणाकार करा: पहिला 150 वॅटचा, दुसरा 230 वॅटचा.

पहिल्याच्या 150 वॅटमधून प्रोसेसरचे 40-45 वजा करा, पडदा, पंखे, रॅम आणि इतर गोष्टींचे 20 वजा करा. ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला उरले 85-90. दुसऱ्याकडे तेच कार्ड पोटभर जेवतं. नाव एक, चिप एक, मशीन मात्र वेगळं. गेमिंग लॅपटॉप निवडताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून सुरुवात इथून.

कार्डाचं नाव आणि त्याचे वॅट

एनव्हिडिया ही कंपनी लॅपटॉपची ग्राफिक्स चिप बनवते, पण तिला वीज किती द्यायची ते लॅपटॉपची कंपनी ठरवते. 4060 साठी ही मुभा 35 पासून 115 वॅटपर्यंत आहे, वर 'डायनॅमिक बूस्ट' म्हणून आणखी 25, म्हणजे जास्तीत जास्त 140. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये हेच कार्ड निम्म्या विजेवरही चालवलेलं आढळतं. पूर्वी अशा कमी विजेच्या कार्डांच्या नावामागे 'मॅक्स-क्यू' ही शेपटी असायची, त्यामुळे निदान कळायचं तरी. 2021 मध्ये 30 मालिकेच्या वेळी ती शेपटी गेली. आता हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर तपशिलाच्या पानावर 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाखाली शोधावा लागतो. दुकानातल्या पाटीवर तो जवळपास कधीच नसतो, आणि विक्रेत्याला विचारलंत तर बहुतेकदा तो चार्जरचाच आकडा सांगतो.

मग 140 चाच हट्ट धरायचा का? तसंही नाही. 4050, 4060 आणि 4070 ही तिन्ही कार्डं साधारण 100 वॅटच्या पुढे फारशी वाढत नाहीत. चिपचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतं आणि पुढचे वॅट कागदावरच राहतात. तेव्हा 4060 साठी 90-100 वॅट मिळत असतील तर निर्धास्त घ्या. 60-65 दिसले तर सोडा. फक्त 140 आहे म्हणून दहा हजार जास्त मोजू नका.

वरची कार्डं घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. लॅपटॉपचं 4090 आणि डेस्कटॉपचं 4090 यांचं नातं नावापुरतंच आहे. डेस्कटॉपच्या कार्डात 16,384 कुडा कोर (हिशोब करणारे छोटे भाग) आहेत, लॅपटॉपच्या कार्डात 9,728. डेस्कटॉपच्या 4080 मध्येही तितकेच आहेत. 50 मालिकेतही तोच प्रकार: डेस्कटॉपच्या 5090 मध्ये 21,760 कोर, लॅपटॉपमध्ये 10,496. म्हणून यूट्यूबवर डेस्कटॉपची चाचणी पाहून लॅपटॉपकडून तेवढ्या फ्रेमची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या चित्रांची, अपेक्षा ठेवू नका. चाचणी शोधताना मॉडेलचं पूर्ण नाव टाका, शेवटचे अक्षर-आकडे धरून. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये चार-चार प्रकार विकले जातात.

व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची रॅम

ही नंतर वाढवता येत नाही. चिपच्या शेजारी बोर्डावर झाळलेली असते. आणि हल्लीच्या मोठ्या गेममध्ये आधी धाप लागते ती हिलाच.

भरली की काय होतं ते ओळखायला सोपं आहे. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळण घेतलं, नवा भाग उघडला की गेम अर्धा सेकंद अडखळतो. भिंतींवरचं टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, आधी चिखलासारखं दिसतं आणि मग सावकाश स्पष्ट होतं. जागा संपल्यामुळे कार्ड लॅपटॉपच्या साध्या रॅममधून माल आणत असतं, आणि तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या रॅमच्या तुलनेत फारच अरुंद आहे. लोक याला प्रोसेसरचा दोष समजतात आणि सेटिंगमध्ये सावल्या कमी करत बसतात. कमी करायचं असतं ते टेक्स्चर.

हिशोब असा: आरटीएक्स 2050 आणि जुन्या 3050 मध्ये 4 जीबी. नव्या मोठ्या गेमसाठी आता हे पुरत नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. 4050 मध्ये 6. 4060, 4070, 5050, 5060 आणि 5070 या पाचांत 8. होय, लॅपटॉपच्या 5070 मध्येही 8 च आहे, डेस्कटॉपच्या 5070 मध्ये 12 असूनही. त्यामुळे 5060 वरून 5070 वर जाण्यासाठी मोठी रक्कम मागत असतील तर हात आखडता घ्या. खरी उडी 5070 टीआय वर बसते, तिथे 12 जीबी मिळतात. 5080 मध्ये 16, 5090 मध्ये 24.

2024 च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमने रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र बनवण्याचं) हार्डवेअर आणि 8 जीबी व्हीरॅम या किमान अटी केल्या. तेव्हा चार वर्षं वापरायचा लॅपटॉप असेल तर 8 च्या खाली उतरू नये, हे आमचं स्पष्ट मत. फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2, फिफा खेळणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे 4050, किंवा 6 जीबीचं 3050 सुद्धा हसतखेळत चालतं आणि उरलेले पैसे चांगल्या पडद्यावर घालता येतात.

प्रोसेसर: नावापेक्षा आकड्यांचा क्रम

इथे फार वेळ घालवू नका. कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग: मोठे वेगवान, छोटे वीज वाचवणारे. सहा मोठे कोर असले की पुरे. पण नावांचा घोळ माहीत हवा.

इंटेलच्या आय5-13420एच मध्ये चार मोठे आणि चार छोटे कोर आहेत. आय5-13450एचएक्स मध्ये सहा मोठे, चार छोटे. आय7-13620एच मध्येही सहा मोठे, चार छोटेच. म्हणजे तो 'आय7' या 'आय5'हून कोरांच्या बाबतीत एकानेही मोठा नाही. आय7-13650एचएक्स मध्ये मात्र सहा मोठे आणि आठ छोटे. एएमडीच्या रायझन 7000 आणि 8000 मालिकांत तिसरा आकडा पाहायचा: 7735एचएस मधला 3 म्हणजे जुनी झेन 3 ची रचना, 7840एचएस किंवा 8845एचएस मधला 4 म्हणजे झेन 4. दोघांवरही 'रायझन 7' असंच छापलेलं असतं.

'एआय लॅपटॉप' या स्टिकरसाठी गेमरने एक रुपयाही जास्त देऊ नये. त्यातल्या एनपीयूचा, म्हणजे एआयच्या कामासाठीच्या वेगळ्या भागाचा, फ्रेम वाढवायला काही उपयोग होत नाही.

रॅम आणि एसएसडी

16 जीबी हवी आणि ती शक्यतो दोन पट्ट्यांत हवी, 8 अधिक 8. एकाच 16 च्या पट्टीवर प्रोसेसरला रॅमकडे जाणारी एकच वाट उघडी राहते. सरासरी फ्रेम थोड्या घटतात, पण गर्दीच्या दृश्यात होणारी घसरण जास्त जाणवते. कंपन्या सर्रास एकच पट्टी घालून विकतात. दुकानात मशीन चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' समोर '1 ऑफ 2' दिसलं तर एक पट्टी आहे आणि एक जागा रिकामी. हे वाईट नाही. तेवढ्याच क्षमतेची आणि तशाच वेगाची पट्टी नंतर टाकता येते. वाईट ते, जिथे रॅम बोर्डावरच झाळलेली आहे आणि स्लॉट नाही. एलपीडीडीआर5 असं लिहिलं असेल तर बहुधा तेच. अशा मशीनमध्ये जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये 476 दिसते, त्यातही विंडोज स्वतः पथारी पसरतं. बाल्डर्स गेट 3 ला 150 जीबी लागतात, ब्लॅक मिथ वूकाँगला 130. दोन गेममध्ये निम्म्याहून जास्त डिस्क गेली. म्हणून रिकामा दुसरा एम.2 स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) आहे का ते विचारा. तो असेल तर 512 वर सुरुवात करायला हरकत नाही.

पडदा कार्डाला झेपणारा हवा

विक्रेता आधी '144 हर्ट्झ' किंवा '165 हर्ट्झ' म्हणतो, म्हणजे पडदा सेकंदाला तितक्या वेळा बदलतो. तो आकडा आता सगळ्यांतच असतो. विचारायचं ते रंगांविषयी. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची मापं. तपशिलात '45 टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर पडदा फिकट आहे. लाल रंग विटकरी दिसणार. '100 टक्के एसआरजीबी' हवं. उजेड 250 निट्स असेल तर दिवसा खिडकीजवळ अंधाऱ्या दृश्यात शत्रू दिसणार नाही; 300 किमान, 400 उत्तम.

स्वस्त 144 हर्ट्झ पडद्यांत आणखी एक खोट असते. 144 हर्ट्झला प्रत्येक फ्रेम साधारण 6.9 मिलिसेकंद पडद्यावर राहते. पडद्याच्या ठिपक्यांना रंग बदलायला 20-25 मिलिसेकंद लागत असतील तर मागच्या तीन फ्रेमच्या सावल्या पुढच्यात मिसळतात आणि कॅमेरा फिरवला की सगळं पुसट होतं. हे जाहिरातीत कळत नाही. दुकानात ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक पान उघडा आणि जोरात सरकवा. अक्षरांमागे शेपटी दिसली तर पडदा संथ आहे.

रिझोल्यूशनचं गणित सरळ आहे. 1920 बाय 1200 म्हणजे सुमारे 23 लाख ठिपके, 2560 बाय 1600 म्हणजे सुमारे 41 लाख. पावणेदोनपटीहून थोडं जास्त काम. 4060 किंवा 5060 बरोबर 1600 वाला पडदा आला तर नाकारू नका, पण मोठे गेम डीएलएसएसच्या 'क्वालिटी' मोडवर चालवावे लागतील. त्यात कार्ड आतून सुमारे 1707 बाय 1067 वर चित्र बनवतं आणि मग ते मोठं करतं. चित्र चांगलं दिसतं, काळजी नको. काळजी घ्यायची ती 'फ्रेम जनरेशन'च्या आकड्यांची. ती मधल्या फ्रेम बनवून घालते, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, थोडा वाढतोच. मुळात 30 फ्रेम मिळत असताना जाहिरातीत 110 दाखवले, तरी हाताला ते 30 सारखेच जड लागतात. चाचण्या पाहताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून काय मिळतं तेवढंच धरा.

'मक्स स्विच' आहे का हेही पाहा. तो नसेल तर कार्डाने बनवलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समार्गे पडद्यावर जाते आणि वाटेत थोडी गळती होते. ज्या गेममध्ये फ्रेम आधीच जास्त असतात, म्हणजे व्हॅलोरंटसारख्या, तिथे ती जास्त जाणवते.

उष्णता: मे महिन्यातला लॅपटॉप

परदेशी चाचण्या बहुतेक 20-25 अंशांच्या खोलीत होतात. अकोल्यात, चंद्रपुरात किंवा जळगावात मे महिन्याच्या दुपारी नुसत्या पंख्याखाली खोली 40 च्या घरात असते. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली 15 अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच वर जाते, तिची मर्यादा मात्र तिथेच राहते. लॅपटॉपचे प्रोसेसर साधारण 95 ते 105 अंशांना आणि एनव्हिडियाची कार्डं 87 च्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. चाचणीत कार्ड 70 वर असेल तर मे महिन्यासाठी जागा उरते. तिथेच 84-85 असेल तर तुमच्याकडे उन्हाळ्यात फ्रेम पडणारच.

म्हणून लॅपटॉप हातात घेऊन उलटा करा. तळाशी पंख्यांच्या जागी जाळी खुली आहे की नुसती नक्षी आहे? रबरी पाय उंच आहेत का? गरम हवा मागून निघते की उजव्या बाजूनेही? उजवीकडून निघत असेल तर माउसवाला हात पूर्ण वेळ भट्टीसमोर राहणार. मागे आणि डावीकडे निघणारी रचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी बरी.

गादीवर, गोधडीवर ठेवून खेळलात तर महागातला महाग लॅपटॉपही गुदमरतो. पंखेवाल्या कूलिंग पॅडआधी मागची बाजू दोन बोटं उचलणारं साधं स्टँड घ्या, फरक त्यानेच बराच पडतो. धूळ जास्त असलेल्या घरात सहा-आठ महिन्यांनी जाळ्या साफ कराव्या लागतात. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, तसंच गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

बॅटरी, वीज आणि अर्थिंग

बॅटरीवर मोठा गेम खेळणं विसरा. चार्जर काढला की कार्डाचे वॅट आपोआप खाली येतात, आणि खाली येऊनही लॅपटॉप 60 वॅट खात असेल तर 60 वॅट-अवरची बॅटरी तासाभरात संपते. बॅटरी पाहायची ती कॉलेजच्या कामासाठी. सगळ्यात मोठी बॅटरी 99 वॅट-अवरच्या आसपास थांबते, कारण विमानात परवानगीशिवाय 100 पर्यंतच नेता येते. लॅपटॉप कायम टेबलावर चार्जरला असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर अडवा.

230 वॅटचा चार्जर घरच्या साध्या 6 ॲम्पिअरच्या प्लगवर आरामात चालतो. इन्व्हर्टरवर मात्र तो एकटाच छताच्या तीन पंख्यांइतकी वीज घेतो. लाइट गेल्यावर गेम चालू ठेवणार असाल तर घरातल्यांचा रोष ओढवणार. धातूच्या बॉडीवर हात फिरवताना झिणझिण्या जाणवल्या तर बहुतेक वेळा लॅपटॉपचा दोष नसतो. प्लगाला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनव्हर्टरमध्ये घातलेला असतो.

कुठून घ्यायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात, हाताळून बघा. भाव ऑनलाइनशी ताडून घ्या. दुकानात घेतलात तरी जीएसटीचं पक्कं बिल हवं आणि त्यावर सीरियल नंबर हवा. वॉरंटी 'ऑनसाइट' असेल तर ती तुमच्या पिनकोडला मिळते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला आधी विचारा. तालुक्याच्या ठिकाणी 'ऑनसाइट' लिहिलेलं असूनही मशीन जिल्ह्याला कुरिअर करावं लागण्याची वेळ येते. किंमत संशयास्पद कमी दिसली तर त्यात विंडोज आहे की 'डॉस', म्हणजे विंडोजशिवायचं मशीन, ते पाहा.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक येणार असेल तर 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, फक्त वायर बदलावी लागते. पण त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे तिकडे पैसे भरण्याआधी बघा. गेमिंग लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीबाहेर बदलायचा म्हटलं तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आणल्यावर पहिले चार दिवस

खोका उघडतानाच सलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबर बिलाशी जुळवा. विंडोज आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर अद्ययावत करा. जुन्या ड्रायव्हरवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही.

मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा. तिथे कार्डाची कमाल वीज वॅटमध्ये लिहिलेली असते. वेबसाइटवरच्या आकड्याशी ती जुळली पाहिजे. नंतर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून, चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडमध्ये, तुमच्याकडचा सगळ्यात जड गेम सलग 30 मिनिटं खेळा. पाच मिनिटांत काही कळत नाही. तांब्याच्या नळ्या आणि जाळ्या पूर्ण तापायला वेळ लागतो. नोंदवायचे तीन आकडे: कार्डाचं सरासरी तापमान, कार्डाला मिळालेले सरासरी वॅट, आणि 'परफॉर्मन्स लिमिट – थर्मल' समोर 'येस' दिसतं का. कार्ड पूर्ण कामाला लागलेलं असताना, म्हणजे वापर 95 टक्क्यांच्या वर असताना, वॅट सांगितल्यापेक्षा 30-40 ने कमी राहत असतील आणि थर्मलही 'येस' असेल, तर पंखा, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट किंवा बसवणीत दोष आहे. कार्डाचा वापर मुळातच 60-70 टक्के असेल तर कमी वॅट म्हणजे दोष नव्हे. तिथे प्रोसेसर किंवा एकपट्टी रॅम अडवते आहे.

पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा पडदा करून मेलेले ठिपके शोधा. अंधारात काळ्या पडद्यावर कडांमधून किती उजेड झिरपतो ते पाहा. झाकण एका हाताने, एका कोपऱ्याला धरून उघडा. बिजागरी करकरली किंवा पडद्याची चौकट उचकली तर तीही तक्रार आहे. आणि हे सगळं बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी करा. ती मुदत बऱ्याचदा सातच दिवसांची असते, आणि ती मोजली जाते माल हातात पडल्यापासून, तुम्ही खोका उघडल्यापासून नाही.